कडेच्या खुणा

“मान खाली घालून बोलू नकोस,” म्हातारीने दुरुस्तीवाल्याला दरडावलं. “बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं. शिकवलं नाही का कुणी?”

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बाईचा आवाजच तसा, रस्त्यापर्यंत जाणारा. दुरुस्तीवाल्याने निमूट मान वर केली.

“मावशी, झालंय काय?”

तिने पिशवीतून गोळ्यांचा बोलका डबा काढला. गोळीची वेळ झाली की तो बोलायचा. बापाला दिसत नाही म्हणून मुलाने स्वतःच्या आवाजात भरून ठेवलं होतं. मुलगा गेला, डबा बोलत राहिला. परवा कंपनीने डब्याला परस्पर नवा प्रोग्राम पाठवला, आणि तेव्हापासून नुसती खरखर.

“हे गोळीला शिवायला तयार नाहीत,” ती म्हणाली. “म्हणे, पोराने सांगितल्याशिवाय घेणार नाही. डॉक्टरांनी बजावलंय, गोळी चुकली तर हृदय दगा देईल. एक गेला, आता हेही निघाले.”

“पुन्हा लावून बघितला का?”

“बघितला की. हात ठेवून बसले होते मी. माझा पोरगा कसा थांबून थांबून बोलायचा. आता मेलं भुंगा अडकल्यासारखं.”

दुरुस्तीवाल्याने डबा उघडून आतली चिप तपासली आणि मान वर केली. “आवाज आत आहे, मावशी. प्रत्येक ओळीबरोबर तपासणीच्या खुणा असतात. काही बिघडलं तर त्यावरून दुरुस्त करायचं. जुना प्रोग्राम त्या खुणा कडेला ठेवायचा. नवा त्या मध्येच शोधतो. सापडत नाहीत, मग चांगल्यालाच चूक ठरवून दुरुस्त करत सुटतो.”

“म्हणजे नव्या सुनेने मीठ माहेरच्या फळीवर शोधायचं, आणि या घरात मीठच नाही म्हणायचं. वर शिजलेल्या सगळ्यात पुन्हा मीठ घालायचं.”

त्याला हसू आवरेना. “अगदी तसंच. आणि एकदा पडलेलं मीठ काढता येत नाही. अजून थोडक्यात निभावलंय; आणखी लावत राहिला असतात तर आवाज कायमचा गेला असता.”

म्हातारी हसली नाही.

त्याने आधी आतलं सगळं जसंच्या तसं बाजूला उतरवून घेतलं. मग जुना प्रोग्राम बसवायला घेतला. जुने प्रोग्रामही कंपनीने दोन तऱ्हांचे काढले होते. एक खुणा ओळीच्या शेवटी ठेवायचा, दुसरा सुरुवातीला. त्याने पहिला बसवून डबा लावला. म्हातारीने लगेच झाकणावर हात ठेवला.

“हा नव्हे,” त्याच्या आधी तीच म्हणाली.

“मग दुसरा. आता मात्र हात काढा, मावशी.”

डबा घेऊन तो मागच्या टेबलाकडे वळला. बराच वेळ खुडबुड चालली होती. मग दुकानभर एक तरुण आवाज घुमला.

“बाबा, गोळी घ्या... पाणी भरपूर प्या... आणि आईशी भांडू नका, तिच्यापुढे तुमचं काही चालणार नाही.”

गिऱ्हाइकं डब्याकडे बघायला लागली. दुरुस्तीवाल्याला म्हातारीकडे वळून बघवेना.

“मावशी, हाच ना?”

उत्तर आलं नाही. रडत असेल, त्याला वाटलं. जरा थांबून त्याने वळून बघितलं. म्हातारी कोरड्या डोळ्यांनी त्याच्याकडे रागाने बघत होती.

“पाठ फिरवून काय उभा राहिलायस? लाव की एकदाचा.”

डबा अजून बोलतच होता.

दुरुस्तीवाला तसाच उभा राहिला. मग त्याने पुढे होऊन डबा तिच्या हातात दिला. तिने तळवा झाकणावर दाबून धरला आणि डोळे मिटले.

“हाच,” ती म्हणाली. “थांबून थांबून.”

तिने डोळे उघडले, त्याच्या ओठांवर नजर लावली आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

“घरी ह्यांना विचारवत नाही. तू सांग. ऐकायला कसा आहे रे माझा मुलगा?”