गावपळणीहून परत

पूर्वी गावपळणीला माणसं तीन दिवस वेशीबाहेर राहत. घरांना पाय आल्यापासून अख्खं गाव घरांसकट दहा वर्षांसाठी बाहेर पडायचं आणि जमीन विसावा घ्यायची.

उद्या परतायचं, म्हणून नगरपंचायतीची नियोजन समिती जागांचा नकाशा बघत होती.

"एकच अडचण आहे," मयेकर म्हणाले. "आटलेला झरा पुन्हा फुटलाय. नेमका अध्यक्षांच्या जागेत. भराव टाकू, काय?"

अध्यक्ष हेमलता घाडींनी नकाशावरच्या आपल्या जागेवर बोट ठेवलं. त्या जागेत त्यांची दोन्ही मुलं रांगली होती.

"विसावा कशासाठी दिला होता आपण?" त्या म्हणाल्या. "पाणी यावं म्हणूनच ना? मग ते आल्यावर त्याच्या छातीवर बसायचं?"

त्यांनी स्वतःच्या जागेत निळा रंग भरला.

दुसऱ्या दिवशी बाकीची घरं आपापल्या जागी टेकली. हेमलताबाईंचं घरही सवयीनं झऱ्यापाशी आलं आणि एक पाय उचलून अवघडून उभं राहिलं.

बाईंनी भिंतीवर थाप मारली.

"मागे सर," त्या म्हणाल्या. "हय आता पाण्याचा घर आसा."