वाढत्या अंगाचं

जूनमध्ये गोकुळनं गुलमंडीच्या दुकानातून नववीतल्या विश्वजीतला शाळेचा ड्रेस आणला, पण माप दिलं स्वतःचं. "पोराला कपडा वाढत्या अंगाचा घ्यावा," तो बायकोला म्हणाला, "दोन वर्षं बघायचं काम नाय."

पण पोरगं असं काही सुटलं की दिवाळीलाच बापाच्या डोक्यावरून पलीकडं बघायला लागलं. दुसरा ड्रेस घ्यावाच लागला.

"मग ह्या पहिल्याचं काय करायचं?" बायकोनं विचारलं अन् उत्तरही तिनंच दिलं. "तुम्हीच घाला की! माप तुमचंच हाये. कापड बी लई दणकट हाये."

गोकुळ तो ड्रेस घालून कामावर जायला लागला.

फेब्रुवारीत दुसरी पँटही घोट्याच्या वर चढली. शाळेनं बजावलं, ड्रेस नीट नसंल तर वर्गात बसू देणार नाय. आता तिसरा ड्रेस कुठून आणायचा? परीक्षेपर्यंत तेवढं चालवून घ्या, असं सरांना विनवायला गोकुळ कामावर जाता जाता पोराला घेऊन सकाळीच शाळेत गेला. गेटवर पी.टी.चे नवीन सर खाली मान घालून एकेकाची पँट तपासत होते. गोकुळनं हात जोडले, पण त्याला तोंड उघडायला सवडच मिळाली नाय.



"ए लंबू, पँट आखूड हाये, घरी जा! अन् तू रे, तुझा ड्रेस एकदम बरोबर, पळ प्रार्थनेला. उद्या तेवढी मिशी काढून ये!"