शालनबाई वाचते

“मला वाचता येतं,” शालनबाई म्हणाली, तशी ज्योतीरामची कोरणी सटकली. गणपतीचा कान थोडक्यात बचावला.

ज्योतीराम चिंचवडच्या गावठाणात छपाईचे लाकडी ठसे कोरायचा. इथपासून चऱ्होलीपर्यंत कुणाचंही लग्न असो, पत्रिकेवरचा गणपती त्याचाच. चित्र काय, अक्षर काय, लाकडात सगळं उलटं कोरायचं. छापल्यावर ते सुलटं होतं. छपाई पुण्याला व्हायची. त्याची बायको शालनबाई ठसे घासायची, खाचांतला भुसा फुंकायची आणि फडक्यात बांधून पाठवून द्यायची.

आता जस्ताचे ठसे निघाले होते आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. घर चालायचं कसं, हा घोर होताच. त्यात पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात बायका घेणार असल्याचं कळलं. अट एकच, मराठी वाचता यायला हवं.

“अगं, तू शाळंची पायरी तरी चढलीस का?”

“न्हाई चढले. पर येतं.”

मागं साबणाच्या जाहिरातीच्या ठशात राहिलेली वेलांटी तिनंच दाखवली होती. पण ज्योतीरामच्या मते ती बोलाफुलाला पडलेली गाठ होती.

शेजारच्या मंजुळाबाईनं लेकाचं पुस्तक आणून तिच्यापुढं धरलं. शालनबाई बघतच राहिली.

“ही कसली गं अक्षरं?”

सगळी आळी पोट धरून हसली. शालनबाईचा चेहरा पडला, पण तिनं पुस्तक घरी मागून नेलं. दुसऱ्या दिवशी परत देताना मात्र ती गालातल्या गालात हसत होती.

कारखान्यात ज्योतीराम तिच्यासोबत गेला. बायकोची फजिती बघायची त्याला मुळीच हौस नव्हती. पण एकटीला कसं पाठवायचं?

साहेबांनी बाटलीभोवती गुंडाळायचा पातळ कागद तिच्या हातात दिला. “वाचा बाई.”

शालनबाई कागद नुसता चाचपत राहिली. मागच्या बायका खुसखुसल्या. दाराशी ज्योतीराम जीव मुठीत धरून उभा होता.

“येत नसेल तर राहू द्या,” साहेब मवाळपणे म्हणाले.

“येतं की,” शालनबाई म्हणाली. “वाईच उजेडाला जाते.”

ती खिडकीशी गेली, कागद उन्हात धरला, त्याची छापलेली बाजू साहेबांकडं केली आणि मागच्या कोऱ्या बाजूनं खडाखडा वाचायला लागली.