हौदावरचं शेवाळ

ओमप्रकाशनं पायातले बूटही काढले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेला, उलथनं आणलं आणि गॅलरीतल्या कुंडीतलं शेवाळ खरवडायला लागला.

"अहो, मुळं दुखावतील तिची!" संगिता कणकेच्या हातानं धावत आली. "अन् ते पोळ्यांचं उलथनं हाय!"

कुंडीतली चिंच वीतभर उंचीची. संगितानं छाटून, तारेनं वाकवून लेकरासारखी वाढवलेली.

"दुखावू दे. ह्या घरात शेवाळ? याडीचं हाड कशानं मोडलं, विसरलीस का?"

याडी म्हणजे त्याची आई, अनुसयाबाई. ती हॉलमधल्या पलंगावर बसून सगळं बघत होती. श्रावणात ती तांड्यावर हौदाजवळ घसरली आणि खुब्यात सळई घालावी लागली. तेव्हापासून ती हिंगोलीत, लेकाच्या घरी. डॉक्टर म्हणाले, चालवा. लेक म्हणाला, नको, बसू दे. मोरीची फरशी त्यानं ॲसिडनं इतकी घासली की तिचा रंग उडाला. कामावर जाताना वॉकर कपाटामागं ठेवून जायचा, म्हणजे ती उठायलाच नको. वाईट नव्हता बिचारा. हौदाजवळून त्यानंच तिला उचललं होतं, आणि तिचं तेव्हाचं ओरडणं अजून त्याच्या कानातून जात नव्हतं. पण भीती वाटते म्हणून जितं माणूस फडताळात ठेवायचं असतं का?

ती घरी जायचं म्हणाली की त्याचं एकच उत्तर असे. "एकटी चालून दाखव, मग नेतो." हट्टी पोराला सांगावं तसं सांगायचा. आणि दिवाळी तर तोंडावर आली होती. दिवाळीच्या रात्री तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन गाणं म्हणत दारोदार येतात, मोठ्यांच्या पाया पडतात. "माझ्या दारात मी न्हाई बघून पोरी पुढं जातील," अनुसयाबाई म्हणायची, आणि त्या दिवशी नीट जेवायची नाही.

"हे आलं कुठून?" ओमप्रकाशनं उलथन्यावरचा हिरवा लगदा संगितापुढं धरला.

संगितानं सासऱ्याकडं पाहिलं. उत्तमसिंग सकाळच्याच जीपनं पुसेगावाकडून, तांड्यावरून आला होता. खुर्चीत बसून तो एका रिकाम्या डब्याचं झाकण उगाच लावत होता, काढत होता.

"म्या आनलं," तो म्हणाला. "डब्यात घालून."

"कुठून?"

"हौदावरून."

"कोणत्या हौदावरून, बा?"

"ज्याच्यापाशी मी पडले, त्याच," पलंगावरून अनुसयाबाई बोलली. "त्याच दगडावरचं. म्याच मागवलं."

"काहून?" ओमप्रकाशनं विचारलं.

"सुनेला पायजे होतं. शेवाळ लावलं की एवढुसं झाड म्हातारं दिसतं म्हन. झाडाला म्हातारं करायला शेवाळ तरी लागतं रे ओम्या. मला म्हातारी करायला तू एकटा पुरा हायस."

संगिता तोंड फिरवून हसली. उत्तमसिंगनं मात्र उघड हसून घेतलं.

"हसा! पुन्हा पडली म्हणजे तेव्हाबी हसा!" ओमप्रकाशचा आवाज फाटला. "त्या शेवाळानं जीव घेतला असता तुझा!"

"शेवाळ काय उठून माझ्या अंगावर आलं व्हतं? ते आपलं दगडावर बसलेलं. मीच घाईनं गेले अन् पडले. पडले तर पडले! त्याच्यापायी तू मला जल्मभर बसवून राहिला."

तो लगदा कचऱ्याच्या डब्यात टाकायला वळला.

"ठेव ते."

अनुसयाबाईच्या ह्या आवाजाला तांड्यावर उधळलेले बैलही थांबायचे. ओमप्रकाशनं लगदा मुकाट्यानं कुंडीच्या काठावर ठेवला.

"मी लावते परत, आई," संगिता म्हणाली.

"तू न्हाई. त्याचं अन् माझं हाय ते."

अनुसयाबाईनं पाय खाली सोडले. ओमप्रकाश कपाटाकडं पळाला. वॉकर त्यानं स्वतःच इतका आत कोंबला होता की आता निघेना. एक पाय भिंतीत अडकलेला, दुसरा कपाटात. तो ओढत राहिला आणि ओरडत राहिला, "थांब याडी, थांब ना, आलो!"

ती थांबली नाही. पलंगाची कड धरून उठली, मग फ्रिज धरला. फ्रिज सुटल्यावर धरायला काहीच नव्हतं, गॅलरीच्या कठड्यापर्यंत नुसती गुळगुळीत फरशी. उत्तमसिंग खुर्चीतून अर्धा उठला. तिनं त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं. दुखत होतं, खूप दुखत होतं. तोंड आवळून ती आपल्याच पायाला शिव्या घालत होती. "चल मेल्या. खायला पायजे अन् चालायला नको? चल."

पाय चालला.

कठडा हाताला लागल्यावर ती जरा वेळ नुसती श्वास घेत उभी राहिली. मग तो हिरवा लगदा तिनं बोटांनी मोकळा केला, चिंचेच्या बुडाशी पसरला, संगितानं दिलेल्या तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि अंगठ्यानं चहूकडून घट्ट दाबून बसवला.

"आता तू खाली," ती शेवाळाला म्हणाली, "अन् मी वर."

मागं ओमप्रकाश उभा होता. वॉकर एकदाचा निघाला होता, आणि दोन्ही हातांनी तोच त्याला धरून उभा होता.

अनुसयाबाईनं ओला अंगठा लुगड्याला पुसला आणि नवऱ्याला विचारलं, "पुसेगावची जीप कव्हा सुटती?"