नवा रिसीव्हर

"वायर घट्ट धर," तो म्हणाला. "हलवू नकोस."

तिने धरली. हलत होतं ते त्याच्या हातातल्या सोल्डरिंगच्या कावियाचं टोक. वितळलेला थेंब पडायचा तिथे न पडता शेजारीच पडला. त्याने तो खरवडला, पुन्हा टेकवला, पुन्हा खरवडला. शेवटी एकदाचं जमलं.

"झालं! नवा रिसीव्हर. आता बघ कशी पळते."

मोकळ्या पार्किंगमध्ये रबरी पाइप टाकून ट्रॅक आखला होता. सुट्टीच्या सकाळी इथे चांगली मोठाली, केस पिकलेली माणसं जमत आणि रिमोटवरच्या गाड्यांच्या शर्यती लावून पोरांसारखी भांडत. तो पूर्वी बंदरावर क्रेन चालवायचा, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत. त्याची बायको पडदे शिवायची. एरवी ती इकडे फिरकत नसे. पण काल रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्या चल जरा. वायर धरायला कुणीतरी लागेल." इतक्या वर्षांत त्याला कधी कुणी लागलं नव्हतं. ती आली.

गेले काही महिने कप्तानची गाडी सरळ चालत नव्हती. वळणं कशीबशी निभायची, पण सरळ पट्ट्यावर आली की झिंगल्यासारखी डुलायची. "सिग्नल तुटतोय," तो सगळ्यांना सांगायचा. आधी त्याने चाकं वळवणारी छोटी मोटर बदलली. मग रिमोट बदलला. आज गाडीतला सिग्नल पकडणारा रिसीव्हर. गाडीत बदलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

त्याने गाडी ट्रॅकवर ठेवली आणि सोडली. पहिलं वळण घेऊन ती सरळ पट्ट्यावर आली आणि डुलायला लागली.

शेजारच्या टेबलावर औषधांचं दुकान चालवणारा केमिस्ट आपल्या गाडीचे टायर पुसत होता. त्याने बघितलं आणि मान खाली घालून पुसलेलाच टायर पुन्हा पुसायला घेतला.

"अँटेना हलत असणार," कप्तान म्हणाला. "मी गाडीजवळ जाऊन बघतो. तू चालव इथून."

"मी? अहो, मला कुठे येतं?"

"खटका हळू दाब. रिमोटवरचं हे चाक फिरवलं की गाडी वळते. नजर गाडीवर नको ठेवूस, पुढे त्या खांबावर ठेव."

ते तिला कळलं. शिवतानाही सुईकडे बघून चालत नाही, पुढच्या कापडाकडे बघावं लागतं. तिने खटका दाबला. गाडी निघाली आणि कापडावर खडूने रेघ मारावी तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"अहो, चालली की!" ती हरखून ओरडली.

तो गाडीकडे बघतच नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता. मग त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

तिने घाईघाईने गाडी वळवली आणि परत आणताना चाक मुद्दाम इकडेतिकडे फिरवलं. गाडी डुलली.

"बघा, माझ्याकडूनही डुलतेय. गाडीच तशी आहे."

तो सावकाश चालत तिच्यापाशी आला. "तुला खोटं शिवता येत नाही," तो म्हणाला. "परत ने. सरळ ने."

तिने नेली. सरळ नेली. दोघंही गाडी थांबेपर्यंत बघत राहिले.

तेवढ्यात शर्यतीची शिट्टी झाली. ती रिमोट त्याच्या पुढे करायला लागली. त्याने घेतला नाही.

"तूच चालव."

"वेड लागलंय का? मला वळणं जमणार नाहीत."

"वळणं मी सांगतो. चल."

तो तिच्या कानाशी उभा राहिला. "सोड. आता दाब. डावीकडे... अगं डावीकडे! घड्याळ बांधतेस तो हात!" गाडी पाइपावर आपटून उलटी झाली. तो स्वतःच धावत जाऊन ती सुलटी करून आला. धापा टाकत पुन्हा कानाशी उभा राहिला. कुणीतरी हसलं. तिलाही हसू फुटलं आणि त्या नादात गाडी पुन्हा उलटली. एकदाच, सरळ पट्ट्यावर, तिने केमिस्टला मागे टाकलं. "शाब्बास!" कप्तान इतक्या जोरात ओरडला, की पुढचं वळण सांगायचं राहूनच गेलं.

ती शेवटची आली.

केमिस्ट हात पुसत त्यांच्या टेबलाशी आला. वहिनींचं कौतुक करून झालं. मग टेबलावरचा जुना रिसीव्हर उचलून तो म्हणाला, "हा टाकून देणार असाल तर मला द्या, कप्तान. उघडून बघतो काय बिघडलंय ते."

"तुझ्या गाडीत बसव," कप्तान म्हणाला. "उघडू नकोस. त्याला काही झालेलं नाही." तो जरा थांबला. "माझा हात बिघडलाय."

केमिस्टने मान हलवली. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. "दाखवलंत कुणाला?"

"नाही अजून."

"उद्या सकाळी जाऊ," ती म्हणाली. रिमोट तिने अजून खाली ठेवला नव्हता. "दोघंही जाऊ. आधी ते डावं वळण मला पुन्हा एकदा दाखवा."