कोणाला काय ठाऊक

“मग चिंगी मणी कुठे शोधेल?” मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

टेबलावर चिंगी आणि बबी या दोन बाहुल्या होत्या, एक टोपली आणि एक डबा. चिंगीनं मणी टोपलीत ठेवला आणि ती बाहेर गेली. तेवढ्यात बबीनं तो काढून डब्यात टाकला. आता चिंगी परत आली होती. नऊ वर्षांच्या हेमालीनं पंख्याकडे बघत पुन्हा डब्यावरच बोट ठेवलं.

“अगं, पण चिंगीनं ते पाहिलंय का?”

“मणी डब्यात हाय,” हेमाली म्हणाली.

मॅडमनी कागदावर फुली मारली आणि त्या आईबापांकडे वळल्या. दर्पण आणि उत्कर्षा दोन वर्षं मुलीला तारापूरहून बोईसरच्या या थेरपी सेंटरमध्ये आणत होते. हेमालीला ऑटिझम आहे, हे त्यांनी केव्हाच पचवलं होतं.

“आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसू शकतं, हे हिला अजून उमगत नाही,” मॅडम म्हणाल्या. “त्यामुळे गुपित वगैरे हिच्याकडून पाळलं जाणार नाही. मनात आलं की बोलून मोकळी होईल.”

दर्पणनं उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षानं खाली पाहिलं.

घरात एक गुपित होतं. चार महिन्यांपूर्वी दर्पणचे वडील, शांताराम, बंदराच्या धक्क्यावर घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि हॉस्पिटलातच हृदयानंही कुरकुर सुरू केली. मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. ते घरी आले आणि नेमक्या त्याच महिन्यात दर्पणनं घरची मासेमारीची बोट विकली. खलाशी मिळत नव्हते, मिळालेल्या मासळीत डिझेलही सुटत नव्हतं. त्याला बोईसरच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलं.

म्हातारा त्या बोटीवर एकतीस वर्षं उभा राहिला होता. त्याला हे सांगायचं कोणी?

म्हणून कोणीच सांगितलं नाही. दर्पण पहाटे निघायचा, कंपनीत जायचा आणि परतताना बाजारातून मासळी घेऊन यायचा. उत्कर्षा त्याचा युनिफॉर्म शेजारच्या नर्मदाकाकूंच्या दोरीवर वाळत घालायची. संध्याकाळी खाटेवरून चौकशी सुरू व्हायची.

“वारा कुठला होता?”

“उत्तरेचा.”

“जाळं किती पाण्यात टाकलंस?”

दर्पण अंदाजानं एखादा आकडा ठोकून द्यायचा. पुढे पुढे तो जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर भरती-ओहोटीच्या वेळा पाठ करू लागला. एकदा बोलण्याच्या भरात त्यानं इंजिन आवाज करतंय असंही सांगून टाकलं. म्हाताऱ्यानं अर्धा तास त्याला दुरुस्ती समजावली. त्यानंही ती मन लावून ऐकली.

धोका होता तो फक्त हेमालीचा. बोट जाताना तिनं पाहिली होती. शाळेतून आली की ती तासन्‌तास आजाच्या खाटेपाशी बसून जाळ्याचे तरंगते बोये रंगांप्रमाणे लावायची. शिवाय तिला खोटं बोलता येत नव्हतं. जेवायला बोलावणाऱ्या बाईच्या तोंडावर ती सांगायची, कोंबडीत मीठ जास्त हाय.

दोघांनी ठरवलं, म्हातारा बरा होईपर्यंत हिला मनोरला मावशीकडे ठेवायचं. त्याचा अर्थ दोघांना कळत होता. मागे एका लग्नाला तिथे नेलं होतं, तेव्हा ती दोन दिवस पायातली चप्पल न काढता दाराशी उभी होती. धड जेवली नव्हती. पण म्हाताऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता. बॅग भरताना उत्कर्षा रडली.

रविवारी सकाळी रिक्षा दारात आली. हेमाली बॅग मांडीवर घेऊन पायरीवर बसली. आतून वॉकरचा आवाज आला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा शांताराम ओटीवर आले.

“पोरीला कुठं धाडता?”

“मनोरला,” दर्पण म्हणाला. “तिकडची शाळा बरी हाय.”

“का? बोट विकली ते ही मला सांगंल म्हणून?”

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. दर्पणला आधी बापाच्या छातीचीच काळजी वाटली. पण म्हातारा ठणठणीत उभा होता.

“तुमाला कोणी सांगितलं, बाबा?”

“हिनंच. बोट गेली त्याच दिवशी.” शांताराम हळूहळू खुर्चीवर टेकले. “एक दिवस रडलो. दुसऱ्या दिवशी तू बरफातली शिळी पापलेटं घेऊन आलास, आताच धरली म्हणून. म्हटलं, पोर माझ्यापायी एवढं खोटं बोलतंय. मला ठाऊक हाय हे कळलं तर खचून जाईल. हिला सांगून ठेवलं, पप्पाला बोलू नको.”

“मग रोज वारा कशाला विचारायचात?”

“नसता विचारला तर तुला संशय आला असता.”

उत्कर्षा पायरीवर मुलीसमोर बसली.

“हेमा, तुला सगळं ठाऊक होतं? एवढे महिने?”

हेमाली रिक्षाच्या चाकाकडे बघत होती. पाढा म्हणावा तशी ती म्हणाली, “पप्पाला वाटायचं आजाला ठाऊक नाय. आजाला ठाऊक होतं. आजाला ठाऊक हाय, हे पप्पाला ठाऊक नव्हतं.”

मग तिनं मांडीवरची बॅग बाजूला सरकवली.

“आता आजानंच सांगितलं. मग मला मनोरला जायला नको ना?”