ट्रॉलीची चौकशी

गुगलवर कोनी 'ट्रॅक्टरची ट्रॉली' शोधली का रिसोडच्या बबनरावचं वर्कशॉप सगळ्यात वर दिसलं पायजे, हे माह्यं काम. वाशीमले ऑफिस हाये. वीस गिऱ्हाईकं होते, आता एकटे बबनराव उरले. त्याहिलेही तीन वर्षांत गुगलवरून एक फोन आला नाही, वर्कशॉपचं शटर आठवड्यातून तीनच दिवस उघडते. म्हून करार नवा करायची वेळ आली का मीच दुसऱ्याच्या मोबाइलवरून, आवाज बदलून चौकशी करतो. एकदा किन्हीराजाचा सरपंच झालो, एकदा नाक दाबून पुसदचा ठेकेदार.

आज त्याहिच्याकडं सहज चहाले गेलो, तर बबनराव मले पाहून पोट धरून हासाले लागले.

"भागवत, लेका, पयल्या वर्षापासून वळखतो तुले! गंमत वाटे म्हून सही करत होतो. पन काल तं तू हद्दच केली बाप्पा! आवाज असा बदलला का बायको मले म्हने, खरंच गिऱ्हाईक हाये. हिंगोलीहून बोलतो म्हने, गुगलवर पाह्यलं म्हने, कारखान्याले चाळीस ट्रॉल्या पायजे म्हने! म्या अशा शिव्या घातल्या, अन् नंबरच ब्लॉक केला. आता बस झालं भौ, यंदा सही नाही."

मीही त्याहिच्यासंगं हासलो. चहा पूर्ण पेलो.



यंदाचा फोन मी उद्या लावनार होतो.